पाचशे चौऱ्याऐंशी दीर्घिकांची चतुःसीमा

"ज्याला चतुःसीमा नाही, ते या विश्वात अस्तित्वातच नाही!"

हे वाक्य विष्णुपंत मुळे यांनी बुधवारी सकाळी साडेदहाला, सावेडीतल्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उच्चारलं. उच्चारताना त्यांनी उजवा हात वर केला होता. त्या हातात शेपूची जुडी होती, आणि हात वर गेल्यामुळे मुळांची माती त्यांच्याच बाहीत उतरली.

"आधी ती निवडा," त्यांच्या पत्नी दमयंतीबाई म्हणाल्या. "विश्वाचं मग बघू."

समोर विष्णुपंतांची भाची रुचा बसली होती. पुण्याहून सकाळच्या एसटीनं ती थेट आली होती आणि पाठीवरची सॅकही अजून उतरवलेली नव्हती. तिच्या हातात निळ्या कापडी बांधणीची लांबट वही होती. उतू जाऊन संपलेल्या दुधाच्या पातेल्याकडे माणूस बघतो, तशी ती त्या वहीच्या पहिल्या पानाकडे बघत होती.

"मामा," ती हळूच म्हणाली, "हे सगळ्यांचं केलंत?"

"पाचशे चौऱ्याऐंशी. एकही सोडली नाही," विष्णुपंत म्हणाले. त्यांना वाटलं, पोरगी भारावून गेली आहे.

रुचा पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते. विषय सर्पिल दीर्घिकांचा. सर्पिल दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं फिरतं तबक आणि त्यात वळत गेलेल्या भुजा. आपली आकाशगंगाही तसलीच. यांतल्या काही दाट वस्तीत राहतात, शेकडो दीर्घिकांच्या गर्दीत. काही माळावरच्या झाडासारख्या एकट्या. तर राहायची जागा बदलली की भुजांचा घाट बदलतो का? गर्दीत दीर्घिकेजवळचा वायू निघून जातो, नवे तारे जन्मायचे थांबतात, भुजा विरत जातात, एवढं शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. रुचाला बघायचं होतं, की तिनं निवडलेल्या लांबच्या, मंद, कुणी फारशा न पाहिलेल्या ५८४ दीर्घिकांत हे कितपत खरं ठरतं.

यासाठी प्रत्येक दीर्घिकेचं चित्र डोळ्यांनी पाहून तीन गोष्टी लिहायच्या होत्या: भुजा किती, घट्ट की सैल, ठळक की पुसट. एक वाचन रुचानं स्वतः केलं. दुसरं वाचन दुसऱ्याच माणसानं करायचं होतं. तो माणूस तिच्या संस्थेतला एक मित्र होता. त्याला बंगलोरला नोकरी लागली आणि त्याचं अवकाशातलं लक्ष उडालं. रुचाचे मार्गदर्शक सुश्रुत सर म्हणाले, "दुसरं कुणीही चालेल. उलट विषयातलं काही कळत नसलेला असेल तर उत्तम. फक्त चिकाटी हवी. आणि त्याला आजूबाजूचं काही दिसता कामा नये. गर्दी दिसली की माणूस नकळत भुजा पुसट लिहितो, मोकळं दिसलं की ठळक. मन आधीच निकाल देऊन बसतं." म्हणून चित्रं कडेनं कापून घेतली होती. प्रत्येक चित्रात एकच दीर्घिका, भोवती काळोख.

विषयातलं काही कळत नसलेला, चिकाटीचा माणूस म्हटल्यावर रुचाला मामा आठवले. मामांना तिनं हे जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं. "तुमची नजर ताजी आहे," ती म्हणाली.

आता विष्णुपंत चौतीस वर्षं मोजणी खात्यात भूकरमापक होते. पाथर्डीच्या माळांपासून भिंगारच्या गल्ल्यांपर्यंत जिल्ह्यातला एक बांध असा नसेल, ज्यावर उभं राहून त्यांनी दोन भावांची भांडणं ऐकली नाहीत. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, की हद्द तीच आहे ना? या माणसाच्या हातात रुचानं एक जुना लॅपटॉप आणि ५८४ चित्रं ठेवली, आणि जाता जाता एक चूक केली. प्रत्येक चित्राखाली लांबलचक आकडा होता. मामांनी विचारलं, "हा काय?" ती म्हणाली, "ती त्या दीर्घिकेची आकाशातली जागा. गट नंबर समजा."

गट नंबर म्हटल्यावर पुढचं सगळं ठरल्यासारखंच होतं. विष्णुपंतांनी आयुष्यात कुठल्याही मिळकतीचं वर्णन चतुःसीमेशिवाय लिहिलं नव्हतं. आधी पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस, उत्तरेस. मग आत काय आहे ते. भोवतालचं माहीत नसताना आतलं लिहिणं त्यांच्या लेखी बेकायदा नसलं तरी असभ्य होतं. त्यांनी आकडा मोबाईलमध्ये घातला. आकाशाचा नकाशा दाखवणारी एक फुकट वेबसाईट उघडली. जागा सापडली. भोवतालचे शेजारी सापडले. आकाशाच्या नकाशात पूर्व डावीकडे असते, हे कळल्यावर मात्र त्यांनी दोन दिवस काम बंद ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विश्वाला माफ केलं आणि वही आखली.

तीच वही आता रुचाच्या हातात होती. पहिल्या नोंदीत लिहिलं होतं:

*पूर्वेस: एक मोठी, तांबूस, गुळगुळीत. पश्चिमेस: दाट वस्ती. दक्षिणेस: एक बारकी, अतिक्रमणाच्या बेतात. उत्तरेस: मोकळी जागा, बहुधा सरकारी.*

आणि शेजारी, तीन रकान्यांत, भुजांचं.

"मामा, ही चित्रं मी मुद्दाम कापली होती," रुचा म्हणाली. "आजूबाजूचं दिसू नये म्हणून. तुम्हाला आजूबाजूचं कळलं की तुमचं भुजांचं वाचन बाद. एक नाही, सगळी. परवा, शुक्रवारी, समितीसमोर अहवाल आहे. दुसरं वाचन नसेल तर हा भागच प्रबंधातून काढावा लागेल. तीन वर्षांचं काम आहे हो ते."

विष्णुपंतांनी शेपूची जुडी ताटात ठेवली. ठेवताना निवडलेल्या भाजीवरच मातीसकट ठेवली, कडेला ठेवण्याइतकं भान त्यांना राहिलं नव्हतं.

"मला सांगितलं नाहीस तू," ते म्हणाले.

"'फक्त चित्रच बघा' असं सांगितलं होतं."

"त्याला सांगणं नाही म्हणत. लेखी द्यायचं."

तेवढ्यात दाराची बेल न वाजवता राधाकृष्ण गर्जे आत आले. हे खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे पाथर्डीचे, तीस वर्षं एसटी चालवली. रोज अकराला चहाला येतात, त्यामुळे बेलचा प्रश्नच उद्भवत नाही.

"पंत, झाली का आभाळाची मोजनी?" ते खुर्ची आणि तयार ठेवलेला चहाचा कप ओढत म्हणाले. "लगतच्या कब्जेदारांना नोटिसा गेल्या का न्हाई? न्हाईतर एखादा येईल भांडत."

एरवी विष्णुपंत यावर हसले असते. जॉगिंग ट्रॅकवरच्या ज्येष्ठांच्या घोळक्यात गेले तीन आठवडे हाच विषय होता. 'शोधनिबंधात नाव येणार आहे, दुसरा निरीक्षक म्हणून,' असं त्यांनी तिथं सांगितलं होतं. एकदाच सांगितलं होतं; फक्त प्रत्येकाला वेगवेगळं.

"चूक झाली, राधाकृष्णराव," ते म्हणाले.

"तुमची?" राधाकृष्णांनी चहाचा कप खाली ठेवला. एवढ्या वर्षांत हा शब्द त्यांनी या घरात ऐकला नव्हता.

रुचानं सुश्रुत सरांना व्हिडिओ कॉल लावला. लपवून उपयोग नव्हता. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर चार्जरला लावून ठेवला, पडद्यावर सर आले, आणि रुचानं जे घडलं ते एका दमात सांगितलं. सरांनी वही कॅमेऱ्यापुढे धरायला सांगितली. चिडणारा माणूस नव्हता तो.

"शेरे काय आहेत?" ते म्हणाले. "उजवीकडे एक रकाना दिसतोय."

"ते मामांचं काहीतरी." रुचानं पान जवळ धरून वाचलं. "'सदर दीर्घिका दाट वस्तीत असूनही मोजणीदार दोन ठळक भुजा सांगतात. आधीच्या नोंदी पाहता लिहिणारास पटत नाही. तथापि सांगितले तसे लिहिले.'" तिनं पान उलटलं. "इथं पण आहे. 'चारही बाजूस मोकळे असता मोजणीदार भुजा पुसट म्हणतात. लिहिणारास आश्चर्य वाटते. तथापि सांगितले तसे लिहिले.'"

"असे किती शेरे आहेत?"

रुचा चाळत गेली. "एकेचाळीस."

पडद्यावर सर पुढे झुकले. "मुळे साहेब, हा मोजणीदार कोण?"

विष्णुपंतांनी आधी राधाकृष्णांकडे पाहिलं. हा माणूस उद्या सकाळी सहा वाजता जॉगिंग ट्रॅकवर असणार होता. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मोजणीदार म्हणजे मीच, आमच्या खात्यात तसं लिहायची पद्धत आहे, एवढं म्हणून सुटता येत होतं. मग त्यांची नजर रुचाकडे गेली. तिनं सॅक अजूनही काढली नव्हती. निकाल लागला की लगेच निघायचं, अशी बसली होती ती.

विष्णुपंत उभे राहिले. साक्षीला उभं राहावं तसे.

"मोजणीची एक रीत असते," ते म्हणाले. "साखळी धरणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. साखळी धरणारा आकडा ओरडून सांगतो, लिहिणारा लिहितो. लिहिणाऱ्यानं साखळीला हात लावायचा नाही आणि सांगितलेला आकडा बदलायचा नाही. पटला नाही तर शेरा मारायचा. मी चौतीस वर्षं लिहिणारा होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे भुजा मी पाहिल्याच नाहीत. एकही नाही. लॅपटॉप हिच्यापुढे असायचा." त्यांनी मान न वळवता दमयंतीबाईंच्या दिशेनं हात केला. "ही नंबर सांगायची. मी मोबाईलवर चतुःसीमा बघून लिहायचो. मग मी 'हं' म्हणायचो, की ही भुजा सांगायची."

"मामी?" रुचा वळली.

दमयंतीबाई शेपू निवडत होत्या. "मला काय, वाटाणे सोलायचेच होते," त्या म्हणाल्या. "डोळे मोकळे होते."

"मामी, तुला मामांच्या वहीत काय आहे ते दिसत होतं? चतुःसीमेचं?"

"ते समोर बसायचे, वही उभी धरून. परीक्षेत हुशार पोरं धरतात तशी."

सरांनी विचारलं, "आणि मुळे साहेब कधी बोलले का त्याबद्दल? इथं गर्दी आहे, इथं मोकळं आहे, असं?"

"तीन आठवडे हे माझ्याशी 'हं' सोडून एक अक्षर बोलले नाहीत," दमयंतीबाई म्हणाल्या. "लग्नानंतर इतके शांत दिवस पहिल्यांदाच गेले. मी चित्रं जरा सावकाशच बघत होते."

राधाकृष्णांना ठसका लागला.

सर मात्र हसत नव्हते. ते वहीकडे बघत होते. "रुचा, लक्षात येतंय का? ज्यांना भोवताल दिसला त्यांनी भुजा पाहिल्या नाहीत. ज्यांनी भुजा पाहिल्या त्यांना भोवताल दिसला नाही. आणि लिहिणाऱ्यानं फेरफार केला नाही याचे एकेचाळीस लेखी पुरावे आहेत. आपण संस्थेत एवढी काटेकोर व्यवस्था लावू शकलो नसतो." मग ते थांबले. "अहवालात जसं घडलं तसंच लिहू, सगळं. समिती प्रश्न विचारेल. विचारू दे. वाचन धरायला हरकत नाही. फक्त दुसऱ्या निरीक्षक म्हणून नाव..."

"हिचं," विष्णुपंत म्हणाले आणि खाली बसले.

राधाकृष्णांनी त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला आणि ओठावर आलेला विनोद गिळला. एसटीच्या माणसाला कधी ब्रेक लावायचा ते कळतं.

रुचानं आता सॅक उतरवली. वही टेबलावर आडवी उघडली आणि पहिल्यांदाच ती डावीकडून उजवीकडे वाचायला लागली: आधी मामांची चतुःसीमा, मग मामीच्या भुजा. स्वतःच्या वाचनाशी ताडून बघायचं काम पुढं होतंच. पण बोट खाली सरकायला लागलं आणि मग सरकतच राहिलं.

"सर, ऐका. चारही बाजूंना दाट वस्ती, मामी म्हणते 'भुजा नाहीत, पुसून ठेवलेल्या ताटलीसारखी.' पुढची, पुन्हा दाट वस्ती. 'अगदी पुसट.' ही बघा, तीन बाजू मोकळ्या, पूर्वेस एक अगदी लगत. 'दोन, ठळक, लांब.' इथं पुन्हा एक लगत. 'दोन, ठळक.'"

"जवळून कुणी गेलं की ओढ बसते," सर म्हणाले. "त्या ओढीनं दोन मोठ्या भुजा उठतात. बऱ्याचदा."

"आनि एकटी असली तर?" राधाकृष्णांनी विचारलं. आता त्यांनीही खुर्ची वहीजवळ आणली होती.

"'बऱ्याच. तुकड्यातुकड्यांच्या. मोजता येत नाहीत,'" रुचानं वाचलं. "पण सगळ्या एकट्या अशा नाहीत."

"आमच्याकडं बाजरीचं असंच हाय बगा. ताट एकटं असलं की चौफेर फुटवे काढतं. दाट पेरली की न्हाई काढीत. शेजाऱ्यानं सगळी वल पिली, मग हे काय फुटनार?"

"अगदी तसंच नाही," सर म्हणाले. "इथं शेजारी वायू पीत नाही. वस्तीत मधल्या जागेत तापलेला वायू भरलेला असतो. दीर्घिका त्यातून वेगानं जाते, तेव्हा तिचा स्वतःचा वायू मागं उडून जातो."

"म्हंजी टपावरचं गाठोडं. दोरी न्हाई बांदली, तर करंजीच्या घाटात मागं पडलंच."

सरांनी हे कुठंतरी लिहून घेतलं. निदान पडद्यावर तसं दिसलं.

विष्णुपंतांना आता राहवेना. "आणि माझे शेरे?" ते म्हणाले. "ज्या दाट वस्तीत असून भुजा ठळक, त्यांचं काय? मला तेव्हाच वाटत होतं, ही चुकतेय."

"ही चुकत नाहीये," दमयंतीबाई म्हणाल्या.

"नसाव्यात," सर म्हणाले. "त्या सगळ्यात मजेशीर निघतील कदाचित. असं असू शकतं, की त्या त्या गर्दीत नुकत्याच आल्यात. वायू अजून शिल्लक आहे, तारे अजून जन्मतायत. काही कोटी वर्षांनी त्याही विझतील."

विष्णुपंतांचा चेहरा एकदम उजळला. शास्त्र पहिल्यांदाच त्यांच्या ओळखीच्या प्रदेशात आलं होतं. "नवीन बदली होऊन आलेला कारकून!" ते म्हणाले. "येतो तेव्हा फायली स्वतः उचलतो, लोकांना बसा म्हणतो. मग हळूहळू ऑफिस त्याच्यातून आरपार जातं. तुम्हाला कोटी वर्षं लागतात म्हणता? आमच्याकडे पंधरा दिवस पुरत."

"मग ते शेरे खोडू नका," सर म्हणाले. "तुम्हाला जिथं आश्चर्य वाटलं, तिथंच रुचाला पुढं बघायचंय."

विष्णुपंतांनी वही स्वतःकडे ओढली, एकेचाळीसपैकी पहिला शेरा पुन्हा वाचला, आणि तो किती चांगला लिहिला आहे हे त्यांच्या लक्षात आलं. नाव गेलं ते गेलं. अक्षर मात्र त्यांचंच राहणार होतं.

दमयंतीबाईंची शेपू निवडून झाली होती. देठ त्यांनी एका बाजूला केले आणि पडद्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांत त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. नंबर सांगायचा, भुजा सांगायच्या, पुढची.

"सर, एक विचारू? मला ही सगळी पुष्कळ लांबची दाखवलीत. आपली कशी आहे? आपण राहतो ती?"

"आकाशगंगा? आपली तशी बऱ्यापैकी मोकळ्या वस्तीत आहे. भुजा आहेत, मध्ये ताऱ्यांचा एक दांडा आहे. तारे अजून जन्मतायत."

"आणि शेजारी?"

"बारीकसारीक आहेत पुष्कळ. मोठी एकच, देवयानी. आपल्यापेक्षाही मोठी. अंधार असेल तर साध्या डोळ्यांनी दिसते."

"लांब आहे?"

"आहे. पण ती आपल्याकडे येतेय, सेकंदाला शंभराहून जास्त किलोमीटर वेगानं. कदाचित काही अब्ज वर्षांनी दोघी एकमेकींत मिसळतील. कदाचित नुसत्या जवळून जातील. नक्की कुणालाच सांगता येत नाही. मिसळल्या तर मात्र आपल्या भुजा राहणार नाहीत, तिच्याही नाहीत. एकच मोठी, गुळगुळीत दीर्घिका होईल."

राधाकृष्णांनी खिडकीतून वर पाहिलं. वर फक्त अकरा वाजताचं ऊन होतं. रुचानं मामीकडे पाहिलं. विष्णुपंतांचं पेन वहीवर टेकलेलं होतं. पूर्वेस की पश्चिमेस, हे त्यांना विचारायचं असावं, पण या वेळी त्यांनी विचारलं नाही.

दमयंतीबाईंनी शेपूचं ताट उचललं.

"येईना का," त्या म्हणाल्या. "रुचा, तोवर तेवढी तुझ्या चार्जरची पिन काढ गं. मिक्सर लावायचाय."